राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबई : उपनगरांतील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना
बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. या अंतरामुळे उपनगरांतील महाविद्यालयांची कलासंग्रहालयाची भेट बहुधा सहलीतील एक थांबा ठरते. अर्ध्या तासात सर्व मजले पाहून होतात आणि एकही चित्र स्मरणात राहत नाही. ही भेट अध्यापनाचा भाग कशी होऊ शकेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वास्तू
महात्मा गांधी मार्गावरील सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ मध्ये बांधले गेले. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी त्याची रचना केली. एकेकाळी सभा व संगीताचे कार्यक्रम होत असलेल्या या सभागृहाचे बाह्यरूप कायम ठेवून आतील भागाची पुनर्रचना करण्यात आली आणि १९९६ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. प्रेक्षक अर्धवर्तुळाकार दालनांतून एकेक मजला चढत घुमटाखालील दालनापर्यंत पोहोचतो.

मूळ कलाकृतीचे महत्त्व
पुस्तकात भिंतभर चित्र आणि वीतभर चित्र एकाच आकारात छापले जाते. रंगाचा थरही छपाईत हरवतो. प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांनी कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरले. तैलरंगाहून वेगळा असा तो पृष्ठभाग समोर उभे राहूनच उमगतो. २०१९ मध्ये त्यांचे सिंहावलोकी प्रदर्शन याच संग्रहालयात झाले होते.

भेटीचे नियोजन
येथील प्रदर्शने बदलत असल्याने प्राध्यापकांनी आधी स्वतः जाऊन तीनच कलाकृती निवडाव्यात. सोमवारी संग्रहालय बंद असते. विद्यार्थ्यांनी प्रत्येक कलाकृतीसमोर दहा मिनिटे थांबून प्रथम केवळ दिसते तेवढेच लिहावे, नंतर अर्थाचा तर्क करावा आणि शेवटी नामफलक वाचावा. क्रम उलटल्यास फलकच पाहिला जातो, चित्र नव्हे. अन्य विद्याशाखांनाही येथे विषय आहेत. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ मध्येच का उदयास आला, हा प्रश्न इतिहासाइतकाच साहित्याचाही आहे.

निष्कर्ष
ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाली. घाटकोपर व अंधेरीहून मेट्रो १ ने मरोळ नाका येथे येऊन ती गाठता येते. प्रवास सुलभ झाला, तरी पाहण्याची सवय आपोआप लागत नाही. ती वर्गातच लावावी लागते. सार्वजनिक निधीतून चालणारी ही संस्था दक्षिण मुंबईइतकीच मुलुंडच्या विद्यार्थ्याचीही आहे, ही जाणीव त्याला करून देणे हे अध्यापकाचे काम आहे.