गोठ्यातली बुलेट

पहाटे ५.४५

आमचं वर्कशॉप म्हणजे आजोबांच्या म्हशींचा गोठा. म्हशी गेल्या, गव्हाण राहिली. तिच्यात आता वैरणीऐवजी बेअरिंगं, क्लचप्लेटी आणि कुठल्या गाडीचे ते आठवत नसलेले नट-बोल्ट. कोल्हापुरातल्या जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे नऊच्या आत हातोडी उचलायची नाही, असा आईचा दंडक. सकाळ मुक्या कामाची.

आज मागचं चाक. १९ इंची रिम, ४० तारा. तारा रात्रीच ओवल्यात, आता आऊट काढायचा. चाक फिरवत रिमजवळ खडू धरायचा. खडू उमटला की रिम त्या बाजूला कललेली. तिथली तार पाव फेरा ढिली करायची, समोरची पाव फेरा आवळायची. घाईनं अर्धा फेरा दिला, की आऊट तिथून उठून पलीकडं जाऊन बसतो. आकड्यांवर निम्मीच वाट कापता येते. शेवटी पान्यानं एकेक तार वाजवून बघायची. ताणलेली खणखणते, ढिली नुसती ‘थप्प’ करते. तिसऱ्या फेरीत आणखी दोन ‘थप्प’ सापडल्या.

८.३०

चहा-भाकरी होतेय तोवर मालकाचा फोन. पोरगा पुण्यात नोकरीला. गाडी त्याच्या आजोबांची, १९७४ची बुलेट ३५०. त्याला ॲल्युमिनियमचे हातानं ठोकलेले मडगार्ड हवेत, स्प्रिंगांवरची एकटी सीट हवी, आणि पाटीवर विंटेज गाड्यांचा ‘व्हीए’ नंबरही हवा. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमानं तो नंबर पन्नास वर्षांपुढच्या गाडीला मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे लग्नही करायचं आणि ब्रह्मचारीही राहायचं. एक काहीतरी ठरव म्हटलं. त्यानं मडगार्ड ठरवले. मी मूळचे लोखंडी मडगार्ड तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवलेत. चेसिसला ग्राइंडर लावायचा नाही, हा दंडक मात्र माझा. नवं जे काही येईल ते जुन्याच भोकांवर बसलं पाहिजे. उद्या त्याचं मन बदललं, तर चार बोल्ट काढून आजोबांची गाडी परत मिळावी.

१०.००

उद्यमनगर. मागच्या ॲक्सलचा स्पेसर करायचाय. लेथवरचे मिस्त्री ऑइल इंजिनांच्या कामात म्हातारे झालेले.

“ड्रॉइंग?”

“नाही मिस्त्री. कोरडा अडला पाहिजे, तेलात सरकला पाहिजे.”

“मग आकडा काय करायचाय? ॲक्सल आण इकडं.”

बोअर होत आला तसा त्यांनी ॲक्सल चार वेळा घालून बघितला. चौथ्यांदा तो आपल्या वजनानं सावकाश खाली गेला. व्हर्नियर खिशातच राहिलं. बाजारातला तयार स्पेसर स्वस्तात मिळतो, पण तो बसवून चाक डगडगलं की दोष तारांवर जातो.

११.३०

आता हातोडी. दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, लाकडी मोगरी आणि वाळू भरलेली चामड्याची पिशवी. पिशवी एका चप्पल करणाऱ्या कारागिरानं दुहेरी टाक्यानं शिवून दिली. आधीच्या दोन पिशव्या उसवल्या होत्या, ही चार वर्षं टिकून आहे.

पत्रा वाळूवर ठोकत गेलं की वाटीसारखा खोल होतो आणि ठोक्या-ठोक्यानं ताठरही होत जातो. त्यात हट्टानं मोगरी चालवली, की कडेला चीर पडते. म्हणून मध्येच नरम करावा लागतो. पण ॲल्युमिनियम तापलं तरी लोखंडासारखं लाल होत नाही. गप्प असतं, आणि अचानक वितळून खाली पडतं. यावर तोडगा म्हणजे धुण्याचा साबण. पत्र्यावर साबण घासायचा आणि मागून बर्नरची ज्योत फिरवत राहायची. साबण तपकिरी होऊन काळा पडू लागला की ज्योत बाजूला. पत्रा गार झाला की पुन्हा मऊ.

आज हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा शेजारच्या काकू दारात, “जळाल्याचा वास कसला रे?” त्यांच्याकडं वळलो तेवढ्यात कोपऱ्याला रुपयाएवढं भोक. दोन तासांचं काम. आता आर्गन वेल्डिंगवाल्याकडून भरून आणायचं, घासायचं, पुन्हा ठोकायचं. काकूंना म्हटलं, साबण करपला. त्या काळजीत पडून परत गेल्या.

२.१५

जेवण. डुलकी.

४.००

इंजिन कालच चढवलंय, आज टायमिंग. पॉइंटचा गॅप फीलर गेजनं सहज लागतो. पॉइंट नेमके कधी सुटतात, ते पकडणं अवघड. त्यासाठी सिगारेटचा पातळ कागद. मी ओढत नाही, पानपट्टीवाला फुकट देतो आणि दर वेळी संशयानं बघतो. कागद पॉइंटमध्ये धरून हलकासा ओढत राहायचा आणि इंजिन हळू फिरवायचं. पिस्टन वर पोचायला मिलिमीटरभरही उरलं नसताना कागद सुटायला हवा. प्लगच्या भोकातून घातलेली सायकलची तार पिस्टन कुठं आहे ते सांगते, पण भोक तिरकं, त्यामुळे तार थोडं खोटं बोलते. उरलेलं खरं किक सांगते. टायमिंग पुढं गेलं असलं तर ती उलटी मारते. गेल्या वर्षी घोटा आठवडाभर सुजला होता.

७.१०

पेट्रोल सोडलं. किल्ली फिरवली, ॲम्पिअरचा काटा डावीकडं झुकला. किक सावकाश दाबत नेली, काटा मध्यावर आला. डीकॉम्प्रेशन लिव्हर दाबून पिस्टन जरासा पलीकडं काढला, किक वर घेतली आणि अंग टाकलं. काही नाही. दुसरी, काही नाही. चोकच ओढला नव्हता. तिसऱ्या किकला गोठा धडधडला, गव्हाणीतले नट नाचले.

वरच्या खिडकीतून काका डोकावले. आवाजाची तक्रार असणार म्हणून मी इंजिन बंद करायला हात नेला.

“टॅपेट वाजतंय बघ.”

“होय काका, एक्झॉस्टचं.”

या इंजिनात टॅपेटला गॅप ठेवत नाहीत. पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. आणि हे गार इंजिनावरच लावायचं. म्हणजे आता सकाळी. मी कव्हर पुसून ठेवलं, मधला बोल्ट नुसता हातानंच आवळला आणि भोक पडलेला पत्रा पिशवीत घालून आर्गनवाल्याचं दुकान उघडं आहे का ते बघायला निघालो.