अंधारातला वाटाड्या

अकोल्याहून अमरावतीकडे ताशी ३४० किलोमीटर वेगाने विमान निघालं, तर सरळ रेषेत पंधरा मिनिटांत पोचेल. दिवसा अडचण नाही. खाली रेल्वेचे रूळ दिसतात, मूर्तिजापूर जातं, बडनेरा येतं. आता रात्र धरा. जमिनीवर एक दिवा नाही, मध्ये ढगांचा थर आणि दक्षिणेकडून ताशी ८० किलोमीटरचा वारा. विमानाचं नाक अमरावतीकडेच रोखलेलं असेल, पण पंधरा मिनिटांनी ते वीस किलोमीटर उत्तरेला, वलगावच्याही पलीकडे कुठल्यातरी शेतावर असेल. आत बसलेल्यांना याचा पत्ताही लागणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात रात्री जर्मनीवर जाणाऱ्या ब्रिटिश बॉम्बर विमानांत हा हिशेब एकाच माणसाकडे असे. तो म्हणजे नॅव्हिगेटर. भारतीय हवाई दलाचे स्क्वॉड्रन लीडर शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांनी हे काम ४५ मोहिमांवर केलं आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळवलं. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानात सात जण असत. वैमानिक, इंजिन सांभाळणारा, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, बिनतारी संदेशवाला आणि दोन तोफची. नॅव्हिगेटरची जागा पडद्याआड, कारण त्याच्या टेबलावरचा लहानसा दिवासुद्धा शत्रूला दिसता कामा नये. समोर नकाशा, पट्टी, पेन्सिल. शक्य तेव्हा दर सहा मिनिटांनी विमान कुठे आहे ते ठरवायचं. सहाच मिनिटं का? तो तासाचा बरोबर दहावा भाग, म्हणून गुणाकार-भागाकार झटपट होतात. ‘जी’ नावाची रेडिओ यंत्रणा १९४२पासून मदतीला आली, पण युरोपात आत शिरलं की जर्मन तिच्यात गोंधळ माजवत. मग वाऱ्याचा अंदाज आणि आकाश मोकळं असेल तर तारे. बाहेर तोफगोळे फुटत असताना हा माणूस मान खाली घालून गणित करत राही. मला यातलं धैर्य तोफच्याच्या धैर्यापेक्षा कमी वाटत नाही.

गणित चुकायचंही, आणि फार चुकायचं. १९४१मध्ये छायाचित्रं तपासून केलेल्या बट अहवालात उघड झालं, की लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम तिसरा हिस्साच लक्ष्याच्या आठ किलोमीटरच्या आत पोचला होता. म्हणून ऑगस्ट १९४२मध्ये ‘पाथफाइंडर’ दल उभं राहिलं. निवडक विमानांनी आधी जाऊन रंगीत ज्योतींनी लक्ष्य दाखवायचं, बाकीच्यांनी त्यावर बॉम्ब टाकायचे. त्याचे प्रमुख डॉन बेनेट हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे, नॅव्हिगेशनवर स्वतः पुस्तक लिहिलेले.

ऑस्ट्रेलियाचा धागा आणखी एका ठिकाणी जुळतो. सुखटणकर ज्या आर५८६८ क्रमांकाच्या लँकेस्टरमधून १४ वेळा गेले, ते विमान आधी पाथफाइंडर दलाच्या ८३व्या स्क्वॉड्रनकडे होतं, मग ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या ४६७व्या स्क्वॉड्रनकडे गेलं. एकूण १३७ मोहिमा करून ते शाबूत राहिलं आणि आज लंडनच्या हेंडन इथल्या संग्रहालयात उभं आहे. त्यात बसणारे सगळे असे सुदैवी नव्हते. एका मोहिमेत शंभरातली फक्त चार विमानं परत आली नाहीत असं धरलं, तरी तीस मोहिमांनंतर शंभरातली २९ उरतात आणि ४५नंतर १६. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमधल्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-सैनिकांपैकी ५५,५७३ मारले गेले. त्यांत ऑस्ट्रेलियाचे सुमारे साडेतीन हजार होते.

खाली मरणारेही मोजले पाहिजेत. जुलै १९४३च्या हॅम्बर्गवरच्या हल्ल्यांत ३५ हजारांहून अधिक माणसं गेली, बहुतेक नागरिक. या मोहिमांचा गौरव करताना हा आकडा गाळणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

पाथफाइंडर दल स्थापन झालं त्याच ऑगस्टमध्ये इकडे विदर्भात ‘चले जाव’ आंदोलनाच्या वेळी आष्टी, चिमूर, यावली, बेनोडा इथे ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. त्याच सरकारचा गणवेश घालून लढलेल्यांची आठवण स्वातंत्र्यानंतर मागे पडली, हे समजण्यासारखं आहे. पण यावलीच्या हुतात्म्यांपुढे नतमस्तक होणाऱ्याने सुखटणकरांना विसरलंच पाहिजे असं कुठे आहे? नाझी राजवट संपली पाहिजे, हे तेव्हाच्या कितीतरी भारतीयांना मनापासून पटलेलं होतं.

ऑस्ट्रेलियाने आपल्या प्रत्येक मृत सैनिकाचं नाव कॅनबेराच्या युद्धस्मारकात कोरलं. आपल्याकडे अकोल्याची शिवणी धावपट्टी १९४३ची, म्हणजे भर युद्धातली आहे. पण त्या युद्धात लष्करात किंवा हवाई दलात गेलेल्या वऱ्हाडी माणसांची नावं अनेकदा घरच्या पेटीतच राहिली आहेत. तुमच्या आजोबा-पणजोबांचं सेवापुस्तक, पदक, गणवेशातला फोटो घरात असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. फोटोमागे नाव, गाव आणि हुद्दा लिहा, कागदांची एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन द्या. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्याबद्दल या आठवड्यातच विचारा.