कलावंतांची प्रयोगशाळा

पदार्थसंग्रहालयात पाऊल टाकताच ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी आपल्या दृष्टीस पडते. काचेच्या कपाटांत मांडलेल्या मूर्ती, नाणी आणि शस्त्रे आपण दुरूनच पाहतो व पुढे जातो. मौल्यवान वस्तूंच्या रक्षणासाठी हा नियम आवश्यकच आहे. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को या शहरात याच्या अगदी उलट रीतीचे एक संग्रहालय आहे. तेथे मुलांनी चाके फिरवावीत, आरसे वळवावेत, हाताने वारा अडवून पाहावा, अशीच अपेक्षा असते. या संग्रहालयाचे नाव ‘एक्स्प्लोरेटोरियम’, म्हणजे शोध घेण्याचे स्थान. विशेष असे की, विज्ञान शिकविणाऱ्या या संस्थेतील कित्येक वस्तू कलावंतांनी घडविलेल्या आहेत.

संस्थेचे संस्थापक फ्रँक ओपेनहायमर हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक होते. अणुबाँबच्या निर्मितीशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे ते धाकटे बंधू. तरुणपणी ते काही काळ कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. एवढ्या कारणावरून १९४९ साली त्यांना विद्यापीठातील जागा सोडावी लागली आणि दुसऱ्या विद्यापीठांची दारेही त्यांना बंद झाली. संशोधन सुटले. कोलोरॅडो राज्यातील डोंगराळ भागात गुरे पाळून त्यांनी कित्येक वर्षे काढली. पुढे १९५७ साली तेथील गावच्या शाळेत ते विज्ञान शिकवू लागले. शाळेत उपकरणे बेताचीच. म्हणून ते विद्यार्थ्यांना मोडक्या यंत्रांच्या ढिगाऱ्याकडे नेत आणि तेथील भंगारातून उष्णता, वीज व गती यांचे नियम समजावून देत. स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट मनात पक्की रुजते, हा त्यांचा अनुभव.

याच अनुभवातून १९६९ साली एक्स्प्लोरेटोरियमची स्थापना झाली. ओपेनहायमर यांना वाटे की, निसर्गाकडे बारकाईने पाहणारे लोक दोन प्रकारचे असतात : एक शास्त्रज्ञ व दुसरे कलावंत. पाण्यावरील तरंग, धुराची वळणे, सावलीच्या कडा यांकडे दोघांचेही लक्ष जाते; मात्र एकाच्या नजरेतून जे निसटते, ते दुसऱ्याला दिसण्याचा संभव असतो. म्हणून दोघांनी शेजारी बसून काम करावे, असे त्यांनी ठरविले. १९७४ साली संस्थेत ‘निवासी कलावंत’ ही योजना सुरू झाली. या योजनेत निवडलेला कलावंत काही काळ संस्थेचा पाहुणा आणि सहकारी होतो. त्याला कार्यशाळा, हत्यारे व साहित्य मिळते. शास्त्रज्ञांचा सल्ला आणि कुशल कारागिरांची मदत मिळते. सुतारकाम व लोहारकाम चालते ती कार्यशाळा उघडीच असते. तयार वस्तूंबरोबरच त्या कशा घडतात, हेही पाहुण्यांना पाहता येते.

अशा वस्तूची परीक्षा मोठी कठीण असते. भिंतीवरचे चित्र कोणी पाहिले नाही, तरी ते चित्रच राहते. परंतु जी वस्तू पाहणाऱ्याच्या हातांनी चालावयाची, ती त्याच्यावाचून अपुरी असते. म्हणून कच्चा नमुना लोकांपुढे ठेवून मुले तो कसा हाताळतात, कोठे अडतात, हे न्याहाळावे लागते. मग नमुना मोडून पुन्हा जोडावयाचा. कलावंताला येथे कल्पनेइतकाच धीरही लागतो.

या संग्रहालयातील एक प्रसिद्ध वस्तू नेड काह्न यांनी घडविलेली वावटळ ही होय. पाण्याचे अगदी बारीक धुके खालून सोडलेले असते, बाजूंनी वारा वळवून आणलेला असतो आणि वरचा पंखा हवा ओढून घेत असतो. त्यामुळे धुक्याचा गरगर फिरणारा उंच स्तंभ उभा राहतो. मुलाने त्यात हात घातला की तो विस्कटतो आणि हात काढताच पुन्हा आकार धरतो. वावटळ म्हणजे एखादी वस्तू नसून हवेची गती आहे, हे तेथे एका क्षणात उमगते.

दुसरी कृती शहराच्या समुद्रकाठी आहे. पीटर रिचर्ड्स या कलावंताने पाथरवट जॉर्ज गोन्झालेस यांच्या साहाय्याने तेथे लाटांचे वाद्य उभारले. एका जुन्या दफनभूमीतील दगड रचून केलेल्या या बांधकामात २५ नळ्या बसविलेल्या आहेत. त्यांची खालची तोंडे समुद्राकडे असून वरच्या तोंडांशी कान लावता येतो. लाटा नळ्यांवर आपटल्या व पाणी आत-बाहेर झाले की, घुमणारे, गुरगुरणारे, उसासे टाकणारे स्वर उमटतात. भरतीच्या वेळी ते अधिक चांगले ऐकू येतात. वादक स्वतः समुद्रच! ओपेनहायमर यांचा या कल्पनेला मोठा पाठिंबा होता. परंतु बांधकाम सुरू होण्यापूर्वीच १९८५ साली त्यांचे निधन झाले. १९८६ साली पूर्ण झालेले हे वाद्य त्यांच्याच स्मृतीस अर्पण केलेले आहे. पुढे २०१३ साली संग्रहालयही शहराच्या बंदरातील एका धक्क्यावर हलविण्यात आले.

प्रत्येक शोधाला मोठी यंत्रे लागतातच असे नाही. येथे काम करणारे कलावंत बॉब मिलर हे पाहुण्यांना उन्हात नेत आणि झाडाखालचे कवडसे दाखवीत. पानांमधील फटी वेड्यावाकड्या असतात. मग जमिनीवर पडणारे कवडसे बहुधा गोल का? याचे उत्तर असे की, प्रत्येक लहान फट छिद्रासारखे काम करते आणि जमिनीवर पडते ती सूर्याची प्रतिमा. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी याच कवडशांच्या शेकडो चंद्रकोरी होतात. शाळेच्या आवारात एखादे दाट झाड असेल, तर हा प्रयोग तेथेही करता येईल. ग्रहण पाहण्यासाठी त्या वेळी सूर्याकडे डोळे लावण्याचे कारण नाही. जमिनीकडे पाहिले म्हणजे पुरे.