रेवसचं ताट आणि शाळेची खिचडी

जून उजाडला की रायगडातल्या रेवसच्या बंदरात होड्या किनाऱ्याला लागतात. सरकारी मासेमारी बंदी जून-जुलैची, तर कोळ्यांची जुनी रीत नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात होडी न घालण्याची. माशांच्या विणीचा हा काळ. ताटातला ताजा मासा असा आटतो, नेमक्या त्याच दिवसांत आसपासच्या डोंगरांतून कातकरी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी घेऊन बाजारात उतरतात. शेवळं तर पहिल्याच पावसाची. घशाला खाजणारी ही भाजी काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवावी, हे इथल्या बायकांना कुणा आहारतज्ज्ञाने शिकवलेलं नाही.

धरमतर खाडीच्या मुखाशी, समोर करंजा आणि पाठीशी खारेपाट, अशा जागी वसलेल्या या भागाचा आहार वर्षभर असाच पाळीने फिरतो. दिवाळीच्या सुमारास भातकापणी. रिकाम्या झालेल्या खाचरातल्या उरल्या ओलीवर वाल टाकायचा. त्याला पाणी जवळपास लागत नाही आणि मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू जमिनीला नत्र देऊन जातात. पौष-माघात वालाच्या शेंगांची पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, मीठ, जमल्यास अंडी-बटाटे, तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. तेलाचा थेंब नाही, पाण्याचाही नाही. मग भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा वेण्या घालून विक्रीला येतो. आणि उन्हाळ्यात वलांडीवर बोंबील, अंगणात जवळा वाळत घालून आगोटीची बेगमी. जवळा काट्याकवचासकट पोटात जातो, म्हणून कॅल्शियमचा तो स्वस्त साठा आहे. खारवलेली सुकी मासळी मात्र रक्तदाबवाल्यांनी धुऊन आणि बेताने खावी.

‘शाश्वत आहार’ म्हणून हल्ली परिसंवादांत जे सांगितलं जातं, ते बहुतेक सगळं या पाळीत आहे. अडचण अशी की मुलांच्या दिवसात ही पाळी आता जेमतेम दिसते. त्यांच्या हातात पाच-दहा रुपयांचं चकचकीत पाकीट असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराविषयी १७ मार्गदर्शक सूचना काढल्या. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडलेला आहे, असा त्यांचा अंदाज आहे. अतिचरबी, अतिसाखर, अतिमिठाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियमही आहे. पण गावात टपरी शाळेच्या समोरच असते आणि ती चालवणारा कुणाचा तरी काकाच असतो. टेप घेऊन अंतर मोजायला कोण जाणार? आयांना दोष देणंही सोपं आहे. पहाटे मासळीची पाटी घेऊन निघणाऱ्या बाईने वाल भिजवून, मोड आणून, सोलून डबा द्यावा, ही अपेक्षा करणाऱ्याने आधी वाटीभर बिरडं सोलून पाहावं.

म्हणून मला शाळेचं स्वयंपाकघर जास्त महत्त्वाचं वाटतं. १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालेली केंद्राची योजना, २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न, २०२१ पासून ‘पीएम पोषण’ हे नाव. लोकांच्या तोंडी मात्र खिचडीच. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे. २०२४ मध्ये राज्याने पाककृती वाढवल्या. त्यांत मोड आलेली मटकी आली, नाचणीसत्त्व आलं, मूग-शेवगा वरण-भात आला. वाल नाही आला. पुण्या-मुंबईत ठरलेल्या यादीत रायगडची उसळ नसणं समजू शकतं, पण तांदूळ आणि कडधान्य वरून येत असलं तरी भाजीपाला गावातच घेतला जातो, आणि ती फट पुरेशी रुंद आहे. केंद्राने २०१९ मध्ये शाळांच्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. खाऱ्या वाऱ्याच्या या पट्ट्यात बागेसाठी गोडी माती आणि पावसाळ्यानंतरचं पाणी जपावं लागतं, तरी कुंपणाला शेवगा, मांडवावर दुधी आणि वाल एवढं झालं तरी आठवड्यातल्या एक-दोन दिवसांची भाजी निघेल.

मासा शाळेच्या पातेल्यात येणार नाही, पण वर्गात येऊ शकतो. राज्याने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. तेवढ्यावर हा धडा होतो. मांदेली लहान दिसते, पण ती वाढ झालेली मासळी आहे. तळहातावर मावणारं पापलेट हे पिल्लू आहे, त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत. हा फरक कळलेली मुलगी आईबरोबर बाजारात गेली की पिल्लांच्या वाट्यासमोर नुसती उभी राहिली तरी पुरे. गिऱ्हाईक मागत नाही ते विकणारा फार दिवस आणत नाही.

वाल शाळेत न्यायचा तर एक रस्ता तिथिभोजनाचा आहे. वाढदिवसाला किंवा घरच्या कार्याला गावकऱ्यांनी शाळेला जेवण किंवा जिन्नस द्यावा, अशी सोय योजनेतच आहे. एरवी ती जिलेबी-केकवर संपते. त्याऐवजी पायलीभर वाल दिला, तर तो सोलायचा कोणी? स्वयंपाकी ताईंचं मानधन तुटपुंजं. त्यांच्यावर साठ मुलांचं बिरडं सोलण्याचं काम टाकणं अन्याय होईल. त्यापेक्षा जानेवारी गाठावा. तेव्हा ओले दाणे मिळतात, ते भिजवायचे नाहीत, मोड आणायचे नाहीत, शेंगा मोडून दाणे काढायला चौथीची मुलंही पुरतात. खोबरं, हिरवी मिरची, पांढऱ्या कांद्याची नवी पात, आणि ते थेट तांदळात.