फोन की जीपीएस? खजिना शोधायला निघण्याआधी

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकायचं राहून गेलं असेल, तर कल्याण ते ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून होईल.

डोंबिवलीच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. "दादा, जिओकॅशिंग सुरू करायचंय. फोन पुरेल की वेगळं जीपीएस घेऊ? आई म्हणते, फोनमध्ये सगळं आहे ना, मग हे अजून एक खेळणं कशाला?"

आईचा प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका शब्दात देता येणार नाही.

आधी नवीन मंडळींसाठी थोडक्यात. जिओकॅशिंग म्हणजे खजिन्याचा शोध. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण तिथं जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवायचा. या डब्याला 'कॅश' म्हणतात. आत नोटा नसतात, उगाच खूश होऊ नका!

हा खेळ सुरू झाला २००० साली. तोपर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला ती भेसळ बंद झाली आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये पहिला डबा लपवला.

त्या काळी लोक दोन यंत्रं घेऊन फिरायचे. हातातल्या जीपीएसमध्ये फक्त डब्याचं नाव आणि आकडे. डब्याचं वर्णन, इशारा, आधीच्या लोकांच्या नोंदी हे सगळं कागदावर छापून न्यायचे. मग पामसारखे खिशातले ऑर्गनायझर आले आणि कागदांची जागा त्यांनी घेतली. २००३ साली गार्मिनने आयक्यू ३६०० आणला, म्हणजे ऑर्गनायझर आणि जीपीएस एकाच डबीत. सोय झाली, पण सगळं एकाच बॅटरीवर आलं. ती संपली की वाटही गेली आणि माहितीही गेली.

ओळखीचं वाटतंय ना? आपला फोन म्हणजे त्याच ऑर्गनायझरचा नातू. अडचण पण तीच, फक्त वाढलेली. फोनमध्ये आता परतीचं तिकीट आहे, यूपीआय आहे, घरचे नंबर आहेत आणि ११२ सुद्धा तिथूनच लावायचाय.

मी स्वतः एकदा आसनगावहून माहुलीला गेलो होतो. फोनवर नकाशा सतत चालू. झाडीत नेटवर्क येत-जात होतं. उतरताना, अंधार पडायला तासभर असताना, बॅटरी ४ टक्के. पुढे दोन पायवाटा फुटल्या आणि फोन बंद. एका गावकरी काकांनी वाट दाखवली म्हणून निभावलं. स्टेशनवर पोचलो तर तिकिटाला सुट्टे पैसे नाहीत. चूक माझीच, पण धडा पक्का बसला.

आता जरा आतलं समजून घेऊ. जीपीएसचे उपग्रह जवळपास २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जागा काढायला किमान चार उपग्रहांचा सिग्नल लागतो. यासाठी इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. फोनला नेटवर्कचा उपयोग होतो तो सुरुवातीला. कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती नेटवर्कवरून पटकन मिळते, म्हणून निळा ठिपका लगेच दिसतो. नेटवर्क नसेल तर ती माहिती उपग्रहाकडूनच यायला वेळ लागतो. मोकळ्या जागी काही मिनिटं थांबायचं, बस.

मग अचूकता? मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरपर्यंत जागा दाखवतो. महागडं यंत्र घेतलं म्हणून डबा पायाशी येत नाही. शेवटचे ५ मीटर डोळ्यांनीच शोधायचे. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये किंवा अरुंद घळीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तिथे दोन्ही यंत्रं चकतात.

वेगळ्या जीपीएसचा फायदा दुसरीकडे आहे. गार्मिनच्या ई-ट्रेक्स १० सारखं साधं यंत्र दोन पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास चालतं. सेल संपले तर स्टेशनबाहेरच्या दुकानात मिळतात. त्याला बटणं आहेत, त्यामुळे मुसळधार पावसात ओल्या बोटांनीही चालतं. फोनच्या टचस्क्रीनचं पावसात काय होतं हे तुम्हाला माहीतच आहे. तोटे? पाच आकडी किंमत, छोटा पडदा आणि नकाशे भरण्याची कटकट.

आता एक चूक, जी दोन्ही यंत्रांवर होते. जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात, उदाहरणार्थ १९° १३.५००'. याचा अर्थ १९.२२५ अंश. पण कुणी घाईत १९.१३५ टाकलं, तर ठिपका सुमारे १० किलोमीटर दक्षिणेला जातो! म्हणून आधी यंत्रात आकड्यांची पद्धत तपासा.

तर मग घ्यायचं काय? माझा सल्ला असा.

पहिलं, नवीन असाल तर काहीही विकत घेऊ नका. घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन काढा. सिम नको. घरच्या वायफायवर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँडमध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवा, सी-जिओमध्ये डब्यांची माहिती साठवा. निघण्याआधी ठाण्यात तलावपाळीला एक चक्कर मारून सगळं नीट चालतंय ना ते बघा. हा तुमचा वाटाड्या. रोजचा फोन पूर्ण चार्ज करून, पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये. तो फक्त घरी परतण्यासाठी.

दुसरं, एकच फोन असेल तर नकाशा आधीच उतरवून फोन एअरप्लेन मोडवर टाका. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालतं आणि डोंगरात नेटवर्क शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. फोन लागणार नाही, हे घरी सांगून निघा. पॉवर बँक हवीच.

तिसरं, पावसाळ्यात वारंवार जात असाल, दोन-तीन दिवसांचे ट्रेक करत असाल, तर वेगळं जीपीएस घ्या. तेव्हा ते खेळणं राहत नाही. पण उपग्रहावरून मेसेज पाठवणारं मॉडेल परदेशातून मागवू नका. तसली यंत्रं भारतात सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. साधं जीपीएस फक्त सिग्नल ऐकतं, त्याला अडचण नाही.

आणि डबा लपवायचा विचार असेल तर थोडं थांबा. स्टेशन, स्कायवॉक, पूल इथे अजिबात नको. ११ जुलै २००६ चे बॉम्बस्फोट पाहिलेल्या आपल्या लोकलमध्ये बेवारस डबा म्हणजे गंमत नव्हे. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काही ठेवू नका. किल्ल्याच्या चिऱ्यांमध्ये तर नाहीच नाही. आपल्याकडे डबे मोजकेच आहेत, एकाच्या मूर्खपणाने सगळ्यांचा खेळ बंद पडायला नको.

तर डोंबिवलीच्या मित्रा, आईला सांग की तिचं बरोबर आहे, नवीन खेळणं नकोच. फक्त कपाटातला तो जुना फोन मागून घे. वाट दाखवणारा एक आणि घरी आणणारा दुसरा, एवढं जमलं की निघ.

भेटू पुढच्या भागात. तोवर फोन चार्ज ठेवा, आणि खिशात शंभराची एक नोट!