मरीयेविषयीचा वाद : समजुती आणि वस्तुस्थिती

वांद्र्याच्या टेकडीवर सप्टेंबरात भरणारी मोत माउलीची जत्रा ज्याने पाहिली आहे, आणि तेथे ख्रिस्तेतर भाविकही मेणबत्त्या घेऊन श्रद्धेने उभे असलेले ज्याच्या दृष्टीस पडले आहेत, त्या मराठी माणसाची सहजच अशी समजूत होते की, मरीया ही ख्रिस्ती लोकांची देवी असून कॅथलिक तिला भजतात आणि प्रोटेस्टंट तिला मानीत नाहीत. ही समजूत दोन्ही अंगांनी चुकीची आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की, खुद्द ख्रिस्ती समाजातही ती कमीअधिक प्रमाणात आढळते.

कॅथलिक धर्मशिक्षणाप्रमाणे मरीया ही ईश्वर नव्हे. ती तुमच्याआमच्यासारखीच निर्मिलेली मानवी व्यक्ती आहे. आराधना केवळ परमेश्वराची आणि संतांना व प्रतिमांना द्यावयाचा तो निव्वळ आदर, हा भेद इ. स. 787 मध्ये नायसिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवला आहे. मरीयेकडे केलेली याचना ही तिने आपल्यासाठी प्रभूकडे रदबदली करावी एवढ्याचसाठी असते. प्रोटेस्टंटांची हरकत मात्र याने निकालात निघत नाही. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले असताना दुसऱ्या कोणाची रदबदली मागावीच कशाला, हा त्यांचा सवाल आहे. आणि पंडितांनी आखलेली रेषा जनसामान्यांच्या आचारात पुष्कळदा पुसट होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

प्रोटेस्टंट पंथाच्या प्रवर्तकांनी मरीयेला झिडकारले, हा समज तर इतिहासाला धरून मुळीच नाही. मार्टिन लूथरने 1521 मध्ये, पोपने त्याला बहिष्कृत केलेले असताना, लूकच्या शुभवर्तमानात मरीयेच्या तोंडी असलेल्या स्तोत्रावर अत्यंत भक्तिपूर्ण भाष्य लिहून प्रसिद्ध केले. 431 च्या एफिसस परिषदेने तिला दिलेला ‘देवमाता’ हा किताब त्याने कधी नाकारला नाही, कारण त्या किताबाचा मूळ रोख मरीयेचे माहात्म्य वाढविण्यावर नसून तिच्या उदरी आलेला ख्रिस्त हा खरोखर ईश्वर होता, या सिद्धांतावर होता. तिचे कौमार्य आजन्म अखंड राहिले, असे तो आणि त्याचा समकालीन सुधारक झ्विंग्ली दोघेही मानीत. लूथरचा विरोध होता तो तिच्यावर तारणाचा भार टाकण्याला.

सर्वांत अधिक घोटाळा ‘निष्कलंक गर्भसंभव’ या सिद्धांताविषयी आहे. येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला, यालाच हे नाव आहे असे सुशिक्षित लोकही धरून चालतात. वास्तविक कुमारिकेपासूनचा जन्म मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत सांगितलेला असून परंपरानिष्ठ प्रोटेस्टंटांनाही तो पूर्ण मान्य आहे. निष्कलंक गर्भसंभव हा येशूचा नव्हे, मरीयेचा : ती स्वतः आपल्या मातेच्या गर्भात आली त्या क्षणापासूनच आदिपापापासून मुक्त होती, असा तो सिद्धांत असून पोप नववे पायस यांनी 8 डिसेंबर 1854 रोजी तो अधिकृतपणे जाहीर केला. म्हणून तो त्या दिवशी नव्यानेच रचला गेला असे मात्र नव्हे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनससारख्या श्रेष्ठ कॅथलिक आचार्याने तो स्वीकारला नव्हता आणि पुढे डन्स स्कोटसने त्याचे समर्थन केले. हा वाद प्रथम कॅथलिकांच्या घरातच शतकानुशतके चालला होता. मरीयेच्या आईबापांची हन्ना व योआकीम ही नावेसुद्धा बायबलात नाहीत. ती दुसऱ्या शतकातील एका बायबलबाह्य ग्रंथातून आलेली आहेत.

येशूच्या भावांचा प्रश्नही असाच जुना आहे. मार्कच्या सहाव्या अध्यायात याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन अशी चार नावे दिलेली असल्यामुळे बहुसंख्य प्रोटेस्टंट आज ती मरीयेचीच मुले मानतात. कॅथलिक उलट दाखला देतात की, त्याच ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात याकोब व योसे यांची आई म्हणून क्रुसाकडे दुरून पाहणारी एक निराळीच मरीया आहे, आणि योहानाच्या कथनाप्रमाणे मरणोन्मुख येशूने आपली आई एका शिष्याच्या स्वाधीन केली, ते सख्खे धाकटे पुत्र असते तर घडते ना. पौर्वात्य मंडळ्यांत हे भाऊ योसेफाच्या पूर्वीच्या विवाहाची अपत्ये समजले जातात. चौथ्या शतकात, हे भाऊ मरीयेचीच मुले म्हणणाऱ्या हेल्विडियसचे खंडन जेरोमने लिहिले तेव्हा प्रोटेस्टंट पंथाचा उदय हजार वर्षांहून अधिक दूर होता. माझ्या मते या ठिकाणी शास्त्रवचने एकाही पक्षाला निर्णायक हुकूमनामा देत नाहीत.

तेव्हा एक पक्ष शास्त्र वाचतो आणि दुसरा वाचीत नाही, असा हा तंटा नव्हे. 1963 च्या ऑक्टोबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मरीयेविषयी स्वतंत्र दस्तऐवज करावा की ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजातच तिचे प्रकरण घालावे, यावर मतदान झाले, तेव्हा 1114 विरुद्ध 1074 अशा निसटत्या बहुमताने दुसरा पक्ष जिंकला. कॅथलिक धर्माध्यक्षांतही केवढी मतभिन्नता होती, हे त्यावरून दिसते. पुढे 2005 मध्ये अँग्लिकन व कॅथलिक विद्वानांच्या संयुक्त मंडळाने एक निवेदन काढून म्हटले की, 1854 चा सिद्धांत आणि मरीया सदेह स्वर्गात घेतली गेली हा 1950 चा सिद्धांत, यथायोग्य अर्थाने घेतल्यास, शास्त्राशी सुसंगत म्हणता येतील. अँग्लिकनांपुढे उरलेला प्रश्न तेथे मोकळेपणाने नमूद केला आहे : जे शास्त्रात स्पष्टपणे सांगितलेले नाही ते सुसंगत असले तरी प्रत्येक ख्रिस्ती माणसाने श्रद्धेचा भाग म्हणून मानलेच पाहिजे, असे फर्मावण्याचा अधिकार कोणाला आहे काय?