आधी श्वास, मग बाकीचे

परिचारिका हाका मारणाऱ्या रोग्याकडे न जाता शेजारच्या निमूट पडलेल्या रोग्याजवळ थांबली, की नातेवाइकांस तो पक्षपात वाटतो. वस्तुतः तेथेच तिच्या शास्त्राची कसोटी असते. ओरडावयास छातीत हवा लागते. जो मोठ्याने ओरडतो त्याची श्वासाची वाट त्या घटकेपुरती तरी मोकळी आहे, हे ऐकूनच कळते. म्हणून शुश्रूषेचा क्रम आवाजावर नव्हे, तर जीव कशाने आधी जाईल यावर ठरतो. प्रथम श्वासाची वाट, मग श्वास, नंतर रक्ताभिसरण, त्यानंतर शुद्ध आणि शेवटी सर्वांगाची तपासणी. मेंदूस प्राणवायू न मिळाल्यास काही मिनिटांतच कायमची इजा होते; मोडलेले मनगट तेवढा वेळ थांबू शकते. धो धो वाहणारे रक्त मात्र तत्क्षणी दाबून धरलेच पाहिजे. वेदनेची पाळी थोडी पुढे जाते. ती रद्द होत नाही.

या साऱ्यांत श्वास मोजण्याचे काम सर्वांत सोपे, आणि तेच पुष्कळदा टाळले जाते. विश्रांती घेत असलेला प्रौढ मनुष्य मिनिटास साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. ‘मी मोजते आहे’ असे सांगितले की श्वासाची लय बदलते. म्हणून जाणती परिचारिका नाडीवर बोटे तशीच ठेवून छातीकडे पाहते व पुरते मिनिटभर मोजते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली गंभीर रोगी वेळीच ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत प्रसिद्ध केली. श्वसन, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांस तीत गुण देतात. गुण जितके अधिक, तितका धोका मोठा. श्वास मिनिटास २५ वा अधिक, किंवा ८ वा कमी झाल्यास एकट्या त्यासच सर्वाधिक ३ गुण मिळतात.

२०१७ च्या सुधारणेत आणखी एका लक्षणास तेवढेच गुण दिले गेले: रोग्यास नव्याने पडलेली भ्रांत. आणि येथे नातेवाइकांचे काम सुरू होते. रोगी एरवी कसा बोलतो हे परिचारिकेस ठाऊक नसते. ते घरच्यांस ठाऊक असते. ‘आज यांचे बोलणे नेहमीसारखे नाही’ एवढे वाक्य वेळेवर तिच्या कानी घालणे, हीदेखील शुश्रूषाच होय.